अ‍ॅक्सिलरेटर इंजिनिअर दिवसभर करतो काय, आणि सोलापूरच्या पोरीनं या लाईनीत यावं का

प्रश्न लांब होता, म्हणून आधी थोडक्यात परत सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेल्या एका गृहस्थांनी विचारलंय की मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सर्न या जिनिव्हाजवळच्या कणांवरच्या मोठ्या प्रयोगशाळेचे व्हिडिओ बघून म्हणते मला पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर इंजिनिअर व्हायचंय, घरात कुणाला यातलं काही माहीत नाही, पाहुणे म्हणतात ते फिजिक्सच्या शास्त्रज्ञांचं काम, आईला रेडिएशनची भीती, तर भारतात अशी नोकरी असते का, माणूस तिथं दिवसभर करतो काय आणि सोलापुरातून तिथं पोचायचं कसं. मी सोलापूरचाच, इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण इथलंच, आणि नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं अ‍ॅक्सिलरेटरच्या आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) सिस्टिमवर गेली, तेव्हा जरा सविस्तरच लिहितो.

अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे इलेक्ट्रॉन-प्रोटॉनसारखे कण प्रचंड वेगानं पळवणारं मशीन. पाहुण्यांचं म्हणणं आधी बाजूला करू. अ‍ॅक्सिलरेटरवर प्रयोग करतात ते शास्त्रज्ञ, पण मशीन बांधतात आणि चालवतात ते इंजिनिअर आणि टेक्निशियन. सर्नच्या स्वतःच्या पगारी स्टाफमधे सुद्धा संशोधन करणारे फिजिसिस्ट अगदी थोडे आहेत, बाकी सगळी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर, सिव्हिलची माणसं. सायमन व्हान डर मीर नावाचा डच माणूस होता, डेल्फ्टला शिकलेला इंजिनिअर, आधी फिलिप्समधे नोकरी, मग १९५६ ला सर्नला आला, मॅग्नेट आणि पॉवर सप्लायची कामं करायचा. अँटिप्रोटॉनचा (प्रोटॉनच्या उलट्या चार्जच्या कणांचा) विस्कटलेला बीम, म्हणजे झोत, आवळून घट्ट कसा करायचा याची युक्ती त्यानं काढली, त्यावर १९८३ ला डब्ल्यू आणि झेड हे कण सापडले आणि १९८४ चं फिजिक्सचं नोबेल कार्लो रुबिया यांच्याबरोबर या इंजिनिअरला मिळालं. पाहुण्यांना हे सांगा.

आता काम काय ते. उदाहरण आपल्या देशातलंच घेतो, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्याला सगळे आरआरकॅट म्हणतात. तिथं इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे. १७२.५ मीटर घेराची एक रिंग, त्यातल्या पाईपमधे इलेक्ट्रॉन फिरतात. सुरुवात मायक्रोट्रॉनमधे होते, तिथं २० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणाची एनर्जी मोजायचं माप) एनर्जी मिळते, मग बूस्टर नावाच्या छोट्या रिंगमधे ५५० एमईव्ही, मग मोठ्या रिंगमधे घालून तिथं हळूहळू २.५ जीईव्हीपर्यंत, म्हणजे २५०० एमईव्हीपर्यंत, चढवायचं. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळतात, म्हणजे सेकंदाला सतरा लाखांच्या वर फेऱ्या. वळणावर मॅग्नेटनं वळवले की ते एक्स-रे आणि बाकीचा प्रकाश सोडतात आणि तो प्रकाश वापरायला देशभरातले रिसर्चवाले येतात, कुणी औषधाचा, कुणी बॅटरीच्या मटेरियलचा, कुणी प्रोटीनचा अभ्यास करायला.

प्रकाश सोडला की इलेक्ट्रॉनची एनर्जी कमी होणार हे उघडच आहे. इंडस-२ मधे पूर्ण एनर्जीला प्रत्येक फेरीत साधारण ६२० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट जातात. ती तूट त्याच फेरीत भरून काढायची, नाहीतर बीम पाईपला धडकून संपला. हे भरून काढायचं काम आरएफ कॅव्हिटी करते. कॅव्हिटी म्हणजे धातूचं एक पोकळ भांडं, त्यात ५०५.८ मेगाहर्ट्झची रेडिओ पॉवर भरायची, की आत प्रचंड इलेक्ट्रिक फील्ड तयार होतं आणि इलेक्ट्रॉनचा गठ्ठा बरोबर त्या क्षणी आला की त्याला ढकल बसते. आला नाही तर बसत नाही. माझं आयुष्य या "बरोबर त्या क्षणी" मधे गेलं.

लोकांना वाटतं यात काहीतरी गूढ असेल. गूढ काही नाही, पण बारीक फार आहे. हिशोब करून दाखवतो. तांबं एक डिग्री तापलं की लाखात साधारण १.७ भाग वाढतं. कॅव्हिटी तांब्याची असेल आणि फ्रिक्वेन्सी ५०५.८ मेगाहर्ट्झ, तर एका डिग्रीला तिचा रेझोनन्स, म्हणजे ती ज्या फ्रिक्वेन्सीला पॉवर नीट घेते ती, साधारण साडेआठ किलोहर्ट्झनं सरकतो. आता अशा कॅव्हिटीचा क्यू (ती किती अचूक एकाच फ्रिक्वेन्सीला पॉवर घेते याचं माप) असतो तीस-चाळीस हजार, म्हणजे बँडविड्थ, तिला चालणारा फ्रिक्वेन्सीचा पट्टा, पंधरा किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे एक डिग्री फरक पडला की तुम्ही निम्म्या बँडविड्थनं घसरलात, पॉवर आत जायच्या ऐवजी उलटी परत यायला लागते. म्हणून कूलिंगचं पाणी डिग्रीच्या छोट्या भागात पकडून ठेवायचं, कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी जुळवणारा ट्यूनर मोटरनं सतत हलवत राहायचा, फेज सतत मोजायची आणि दुरुस्त करायची. हे सगळं आपोआप चालेल अशी सिस्टिम डिझाईन करणं, बांधणं, ट्यून करणं आणि ती चुकली तर का चुकली हे शोधणं, हे आरएफ इंजिनिअरचं काम.

पूर्वी एवढी पॉवर क्लायस्ट्रॉन नावाच्या मोठ्या ट्यूबमधून यायची, बाहेरून आणावी लागायची, ट्यूब गेली की मशीन बसलं. इंदूरच्या लोकांनी त्याऐवजी सॉलिड स्टेट अ‍ॅम्प्लिफायर स्वतः डिझाईन करून बनवले, ट्रान्झिस्टरची छोटी छोटी शेकडो मॉड्यूल, त्यांची पॉवर एकत्र करायची. एखाद-दुसरं मॉड्यूल मेलं तरी बीम चालू राहतो आणि मेलेलं मॉड्यूल नंतर निवांत बदलता येतं. मला विचाराल तर भारतीय अ‍ॅक्सिलरेटर इंजिनिअरिंगमधली ही फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल पेपरात जेवढं यायला पाहिजे तेवढं आलं नाही.

दिवस कसा जातो ते एका उदाहरणानं सांगतो. एका मशीनवर (कुठलं ते सोडा) दुपारच्या वेळी बीम जायचा. रोज नाही, पण गेला तर दुपारीच. ट्रिपचं, म्हणजे मशीन आपोआप बंद पडायचं, कारण दरवेळी तेच, कॅव्हिटीकडून परत येणारी पॉवर मर्यादेबाहेर. तुमच्या रॅपियर लूमवर धागा तुटला की लूम आपोआप थांबतो ना, तसंच आमच्याकडे इंटरलॉक असतात, काहीही मर्यादेबाहेर गेलं की काही मायक्रोसेकंदात पॉवर बंद. सगळ्यांचा संशय अ‍ॅम्प्लिफायरवर. तो तपासला, चांगला. कॅव्हिटी तपासली, चांगली. पाण्याचं टेंपरेचर स्थिर. मग आम्ही वेगळ्या बाजूनं गेलो, ट्रिपच्या वेळा काढल्या आणि त्या बिल्डिंगमधल्या हरेक टेंपरेचर सेन्सरच्या ग्राफवर मांडल्या. कशाशीच जुळेना, फक्त एका रॅकशी जुळलं. त्या रॅकवर येणारा एसीचा डक्ट काही महिन्यांपूर्वी कुठल्यातरी दुसऱ्याच कामासाठी थोडा वळवला होता, त्यामुळं दुपारी तो रॅक चार-पाच डिग्री जास्त तापायचा. आणि त्या रॅकमधे परतीची पॉवर मोजणाऱ्या केबलचा एक कनेक्टर होता, त्याची मधली पिन किंचित आत सरकलेली, तापलं की कॉन्टॅक्ट कमीजास्त व्हायचा आणि रीडिंग उडायचं. म्हणजे परतीची पॉवर वाढतच नव्हती, वाढल्यासारखी दिसत होती. कनेक्टर बदलला, दुपारच्या ट्रिप बंद. कोट्यवधीचं मशीन आणि एक पिन. हे शोधून सापडल्यावर जो आनंद होतो ना, तो ज्याला होतो त्यानंच या लाईनीत यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीला घरातली बंद पडलेली वस्तू का बंद पडली हे कळेपर्यंत चैन पडत नसेल तर अर्धं काम झालंय.

आरएफ हा एक भाग झाला. शेजारी व्हॅक्यूमवाले असतात. बीम ज्या पाईपमधून जातो त्यात हवा अजिबात चालत नाही, आतला दाब बाहेरच्या हवेच्या दहा लाख कोटी पटीनं कमी ठेवावा लागतो. कारण असं की बीम दहा तास टिकला तर एक इलेक्ट्रॉन तेवढ्या वेळात हजार कोटी किलोमीटरच्या वर पळतो, सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतच्या अंतराच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि या सगळ्या रस्त्यात त्याला हवेच्या रेणूची धडक बसायला नको. त्यासाठी पाईप बसवल्यावर तापवून आतला चिकटलेला ओलावा काढतात आणि मग लीक शोधतात. लीक शोधताना बघण्यासारखं असतं, एक माणूस बारीक नळीनं हेलियम सोडत एकेका जॉइंटवरून जातो, वरून सुरुवात करून खाली, कारण हेलियम वर चढतो आणि खालून सुरू केलं तर लीक वरच्या जॉइंटला असूनही खालचा जॉइंट फुकट बदनाम होतो, आणि दुसरा माणूस लीक डिटेक्टरच्या आकड्यावर डोळा ठेवून बसलेला. आकडा हलला की "थांब, परत मागं ये". दिवसच्या दिवस हे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया (गुरुत्वीय लहरी पकडायचा प्रकल्प) येतंय, केंद्रानं एप्रिल २०२३ मधे त्याला मंजुरी दिली, तो अ‍ॅक्सिलरेटर नाही पण त्यात चार-चार किलोमीटरचे व्हॅक्यूम पाईप आहेत आणि त्या कामात आरआरकॅट आहे. म्हणजे व्हॅक्यूम शिकलेल्या माणसाला आपल्या मराठवाड्यातच काम.

मग मॅग्नेट आणि त्यांचे पॉवर सप्लाय. मॅग्नेटचा करंट लाखात काही भाग एवढाच हलला तर चालतो, आणि हे सगळं बाहेरच्या ग्रिडच्या जोरावर. ग्रिडवर कुठं व्होल्टेजचा झटका आला की बीम गेला. पावसाळ्यात वीज कडाडली की कंट्रोल रूममधले सगळे स्क्रीनकडे बघतात. (यावरून एक आठवलं, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईन चालू झाली आणि दक्षिणेचा ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडशी एका फ्रिक्वेन्सीनं जोडला गेला. देशाच्या विजेच्या इतिहासात आपल्या गावाचं नाव असं कोरलेलं आहे, इथल्या किती पोरांना माहीत असेल काय की.)

मेकॅनिकलवाल्यांना वाटतं आपलं इथं काय काम. सर्नच्या एलएचसी या सगळ्यात मोठ्या मशीनमधे २७ किलोमीटरच्या बोगद्यात बीम वळवणारे १२३२ मोठे डायपोल मॅग्नेट आहेत, एकेक १५ मीटर लांब आणि ३५ टनांच्या आसपास वजनाचा. हे मॅग्नेट ज्या जॅकवर बसलेत, मिलिमीटरच्या छोट्या भागात हलवून जागेवर आणायला, ते जॅक भारतातून गेलेत, सात हजारांच्या आसपास, आणि ते काम इंदूरच्या केंद्रानं आपल्या इंडस्ट्रीकडून करून घेतलं. लेथ, मिलिंग, कास्टिंग, टॉलरन्स. आपल्याकडे चिंचोळी एमआयडीसीत जी माणसं गाडीचे पार्ट मायक्रॉनमधे मोजतात त्यांना ही भाषा परकी नाही.

आणि एक जॉइंट खराब असला तर काय होतं तेही एलएचसीनंच दाखवलं. १९ सप्टेंबर २००८, मशीन सुरू होऊन जेमतेम नऊ दिवस झालेले, दोन मॅग्नेटमधल्या एका सुपरकंडक्टिंग (अति थंड केल्यावर विजेला अडवत नाही अशा) केबलच्या जॉइंटचा रेझिस्टन्स जास्त होता. तो तापला, आर्क झाला, मॅग्नेट थंड ठेवणाऱ्या हेलियमचं भांडं फुटलं, टनावारी हेलियम बोगद्यात आला, एवढाले मॅग्नेट जागेवरून हलले. परत बीम फिरायला नोव्हेंबर २००९ उजाडलं. त्यानंतर जॉइंट मोजायची सगळी पद्धत बदलली, जॉइंट घातक व्हायच्या आधीच पकडेल अशी सुरक्षा सिस्टिम वाढवली. मी नवीन पोरांना थिअरीच्या आधी ही घटना वाचायला लावायचो.

आता आईंची भीती. भीती वाटणं बरोबर आहे, पण माहिती घेऊन वाटावी. इलेक्ट्रॉन मशीनमधे बीम बंद केला की रेडिएशन जवळजवळ तिथंच थांबतं, कोबाल्टसारखा सतत किरण सोडणारा सोर्स आत ठेवलेला नसतो. बीम चालू असताना रिंगमधे माणूस नसतो, जाताच येत नाही. बीम सुरू करायच्या आधी माणसं आत फिरून कुणी राहिलं नाही ना बघतात, ठरलेल्या क्रमानं भिंतीवरची बटणं दाबत बाहेर येतात, मग दार बंद, मग हूटर, आणि दार उघडलं तर बीम आपोआप बंद. एवढं करून कुणी आत राहिलंच तर आतून मशीन बंद करायचं बटण असतं. बंद झाल्यावरही आधी हेल्थ फिजिक्सवाले, म्हणजे रेडिएशनच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारे, मीटर घेऊन जातात, कारण काही भागांत थोडं रेडिएशन उरू शकतं. प्रत्येकाच्या खिशाला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा बिल्ला, तो ठरावीक काळानं वाचला जातो आणि नोंद आयुष्यभर राहते. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (अंगावरच्या रेडिएशनचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, आणि गरोदर बाईसाठी नियम याहून खूप कडक. खरं सांगू का, मला कामावर जी भीती कायम वाटली ती हाय व्होल्टेजची. सप्लाय बंद केला तरी कपॅसिटरमधे चार्ज असतो. डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय कॅबिनेटमधे हात घालायचा नाही, कितीही घाई असो, साहेब मागं उभे असोत. हे मुलीच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून पक्कं बसू द्या.

भारतात नोकरी कुठं, तर इंदूर सांगितलंच. कोलकात्याला व्हीईसीसी (व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर), तिथलं सायक्लोट्रॉन, म्हणजे कण गोल फिरवत पळवणारं मशीन, १९७७ पासूनचं, आणि नंतरचं सुपरकंडक्टिंग सायक्लोट्रॉनही तिथंच. दिल्लीला आययूएसी (इंटर युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर), तिथं पेलेट्रॉन (हाय व्होल्टेजवर कण पळवणारं मशीन) आणि सुपरकंडक्टिंग लिनॅक (सरळ रेषेत पळवणारं मशीन). मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारात बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि टीआयएफआरचं मिळून पेलेट्रॉन, आणि ट्रॉम्बेला बीएआरसीचं २० एमईव्ही प्रोटॉन लिनॅक, पुढं थोरियमपासून वीज करायच्या विचारातली ती पहिली पायरी. पवईला समीर नावाची सरकारी संस्था आहे, त्यांनी कॅन्सरच्या उपचाराचं देशी लिनॅक बनवलं, वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या हॉस्पिटलात त्यांचं मशीन बसलंय.

हे शेवटचं जरा नीट समजून घ्या, कारण नोकऱ्या इथं वाढणार आहेत. जगात अ‍ॅक्सिलरेटर तीस हजारांच्या वर आहेत आणि त्यातले रिसर्चचे अगदी थोडे. बाकी चिप बनवायच्या कारखान्यात, केबलचं इन्सुलेशन मजबूत करायला, इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करायला, आणि हॉस्पिटलात. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. कॅन्सरच्या पेशंटला शेक द्यायचा म्हटलं की पूर्वी कोबाल्टचं मशीन असायचं, आता बहुतेक ठिकाणी लिनॅक येतंय. त्यात ३ गिगाहर्ट्झच्या आसपासची आरएफ, व्हॅक्यूम, हाय व्होल्टेज मॉड्युलेटर, इंटरलॉक, म्हणजे मी वर लिहिलं ते सगळं एका खोलीत मावेल एवढं. हे मशीन बंद पडलं की त्या दिवशी नंबर लावलेले पेशंट घरी परत जातात, गावाकडून एसटीनं आलेले. ते मशीन दुरुस्त ठेवणारा सर्व्हिस इंजिनिअर हाही अ‍ॅक्सिलरेटर इंजिनिअरच, माझ्या लेखी तर फार महत्त्वाचा, आणि चांगली माणसं कमी आहेत. मुलीला सरकारी केंद्रात नाही जमलं तर हे दुय्यम समजू नका. कांद्याचं मात्र वेगळं, लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून जे करतात ते कोबाल्टवर चालतं. पण इंदूरच्या मंडईजवळ असलं काम इलेक्ट्रॉन अ‍ॅक्सिलरेटरनं करणारं केंद्र आहे, आणि सोलापूरसारख्या कांद्याच्या मोठ्या मार्केटला त्याचा विचार कधीतरी करावा लागेल असं मला वाटतं.

सोलापुरातून पोचायचा सरळ रस्ता म्हणजे बीएआरसी ट्रेनिंग स्कूल, १९५७ पासून चालू आहे. बीई किंवा एमएस्सी झालं की गेट या परीक्षेच्या स्कोअरवर इंटरव्ह्यूला बोलावतात, सिलेक्ट झालं की एक वर्ष स्टायपेंडवर ट्रेनिंग आणि मग सायंटिफिक ऑफिसर सी, सातव्या वेतन आयोगात लेव्हल १०, बेसिक ५६,१०० पासून, वर भत्ते, क्वार्टर, मेडिकल. प्रमोशन जागा रिकामी व्हायची वाट न बघता कामावर होतं. नीट समजून घ्यायची गोष्ट अशी की सिलेक्ट झालं म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच मिळेल असं नाही, रिअ‍ॅक्टरवरही टाकतील, प्रोसेस प्लांटवरही. तिला अ‍ॅक्सिलरेटरच हवं असेल तर इंदूरच्या ट्रेनिंग स्कूलकडे आणि आययूएसी, समीर यांच्या स्वतंत्र जाहिरातींकडे लक्ष ठेवावं लागेल.

इंटरव्ह्यूबद्दल एक सांगतो. तासभरही चालतो. कॉलेज कुठलं हे कुणी विचारत नाही, पुण्याचं असो, सोलापूरचं असो. आवडते विषय कुठले ते विचारतात आणि मग त्याच विषयात खणत जातात. ट्रान्समिशन लाईन आवडतं म्हणालात तर लाईन उघडी ठेवली तर काय, शॉर्ट केली तर काय, पाव वेव्हलेंथची असेल तर काय, मग फळ्यावर काढा. सूत्र पाठ करून गेलेली पोरं तिसऱ्या प्रश्नाला अडकतात. येत नसेल तिथं "येत नाही पण असा विचार करून बघतो" म्हणणारं पोर त्यांना आवडतं. चारच विषय करा, पण मुळापासून.

डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांनाही रस्ता आहे, स्टायपेंडियरी ट्रेनी म्हणून भरती होते. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे विजापूर रोडच्या आयटीआयमधनं निघालेला फिटर किंवा वेल्डर पोरगा स्वतःला कमी समजतो. अल्ट्रा हाय व्हॅक्यूमचं वेल्डिंग ज्याला जमतं त्याला आमच्याकडे मोठे मोठे इंजिनिअर मान देतात, कारण तो सुट्टीवर गेला की काम थांबतं.

परदेशाचं विचारलंत. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा असोसिएट मेंबर आहे, म्हणून आपल्या नागरिकांना तिथल्या स्टुडंट आणि फेलोशिपच्या जागांना आणि मुदतीच्या नोकरीला अर्ज करता येतो. अमेरिकेत फर्मीलॅबच्या पीआयपी-२ या ८०० एमईव्ही लिनॅकच्या कामात आपल्याच संस्था भागीदार आहेत, त्यामुळं इथं नोकरी करणारी पोरं तिथं कामासाठी जातात, येतात. माझा सल्ला, आधी एका सिस्टिममधे घट्ट व्हा, आरएफ म्हणा, व्हॅक्यूम म्हणा, पॉवर सप्लाय, क्रायोजेनिक्स, कंट्रोल, काहीही. थोडं थोडं सगळं येणारा माणूस मॅनेजर होतो, पण रात्री तीन वाजता फोन त्याला येत नाही.

रात्री तीनचं निघालं तर आयुष्य कसं असतं तेही सांगायला पाहिजे. मशीन चोवीस तास चालतं, म्हणजे शिफ्ट. दिवाळीतही शिफ्ट असू शकते, गड्ड्याची जत्रा किती वर्षं चुकली त्याचा हिशोब मी ठेवला नाही. बायका पण शिफ्ट करतात, कॉलनी आवारातच असते, केंद्राची स्वतःची शाळा असते, त्या दृष्टीनं सुरक्षित आणि सोयीचं आयुष्य आहे. इंदूरला मराठी घरं भरपूर, परकं वाटत नाही. पण पैसा आयटीवाल्यांसारखा पळत नाही. मोठं मशीन कागदावरून बीमपर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात, एका करिअरमधे एखादं-दोन मशीन. पर्चेस, टेंडर, ऑडिट यात जाणारा वेळ बघून नवीन पोरं कंटाळतात. काही दोन-तीन वर्षांत सोडून जातात, त्यात त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही, स्वभाव वेगळा असतो. पण जे टिकतात त्यांच्यासमोर जेव्हा पहिल्यांदा बीम फिरतो आणि स्क्रीनवर करंटची रेष वर चढते तेव्हा कंट्रोल रूममधे टाळ्या पडतात, आणि त्यात आपला एक रॅक असतो. मला हे आजही तेवढंच मोठं वाटतं.

आता मुलीनं आज काय करावं. गेटची तयारी ती करेलच. त्याशिवाय एक प्रयोग सांगतो, काही हजार रुपयांत होईल. नॅनोव्हीएनए नावाचं छोटं यंत्र ऑनलाईन मिळतं, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर परत येते त्याचा ग्राफ ते दाखवतं. एक गोल अ‍ॅल्युमिनियमचा झाकणाचा डबा घ्यायचा, साधारण २८ सेंटीमीटर व्यासाचा, उंची व्यासापेक्षा कमी असलेला. झाकणाच्या मध्यभागी भोक पाडून कनेक्टर बसवायचा, त्याची मधली तार दोन-तीन सेंटीमीटर आत सोडायची. झाकणाची कड आतून-बाहेरून चोळून स्वच्छ करायची आणि सगळीकडून धातूच्या टेपनं बंद करायची, फट राहिली तर सगळं फसतं. मग यंत्राच्या ग्राफवर ८२० मेगाहर्ट्झच्या आसपास एक खोल खड्डा दिसायला पाहिजे. ती आपली कॅव्हिटी, तिचा पहिला रेझोनन्स. तो डब्याच्या व्यासावर ठरतो, उंचीवर नाही, हे का ते तिनं स्वतः गणितानं काढावं. मग मे महिन्यात सकाळी घरात आणि दुपारी गच्चीवर उन्हात ठेवून परत मोजावं. आपल्याकडे चाळिशी पार करणारं ऊन फुकट आहे. डबा जेवढा तापेल तेवढा खड्डा खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकेल, दहा डिग्रीला साधारण दोनशे किलोहर्ट्झ, आणि तो आकडा अ‍ॅल्युमिनियमच्या प्रसरणाच्या गणिताशी जुळतो का ते बघावं. नाही जुळला तर का नाही ते शोधावं, टेप, झाकण, केबल, काय. वहीत तारीख, वेळ, टेंपरेचर सगळं लिहावं.

त्याच्या जोडीला ईपिक्स नावाची कंट्रोल सिस्टिम, जी जगातल्या अनेक अ‍ॅक्सिलरेटरवर चालते, ती फुकट आहे, घरच्या लॅपटॉपवर टाकून त्याच डब्याचं टेंपरेचर त्यात वाचायला लावावं. पायथॉन येत असेलच. सर्नच्या अ‍ॅक्सिलरेटर स्कूलची लेक्चर्सही फुकट वाचायला मिळतात, सुरुवातीला निम्मं कळणार नाही, चालतं. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट कॉलेजातच उरकण्यापेक्षा कॉलेजचं पत्र घेऊन या संस्थांकडे अर्ज करावा, सहा-आठ महिने आधी, जागा थोड्या असतात. त्या अर्जासोबत डब्याच्या प्रयोगाची दोन पानं जोडावीत, ग्राफसकट. मी निवड करायला बसायचो तेव्हा मार्कांच्या यादीपेक्षा अशी पानं आधी वाचायचो.